सव्वापाच अंगठे

९ मार्च, दुपारचे तीन

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. आई आणि मी ठीक आहोत. तूही ठीक असशील. दर रविवारी आईच्या फोनवर तुझा आवाज येतो तेव्हा मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत असते, त्यामुळे तू आहेस एवढं कळतं. रविवारी आमच्याकडे कपडे फार निघतात हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तू मला मध्येच तोडतोस, मी चिडते, आणि आई बिचारी दोघांच्या मध्ये ‘हॅलो, हॅलो’ करत बसते. कागदाला मध्येच तोडता येत नाही. शिवाय तीन वर्षं ज्याच्याशी बोलले नाही त्याच्याशी बोलणं कुठून काढायचं हे मला समजत नाही. लिहिताना निदान पान फाडून टाकता येतं. ही पाचवी सुरुवात आहे.

सहा फुटांच्या, चष्मा लागलेल्या माणसाला टिल्लू म्हणणं शोभत नाही हे मला कळतं. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिताना मला कुणा साहेबाकडे अर्ज करते आहे असं वाटलं, म्हणून आत तरी टिल्लूच.

आईचे गुडघे होते तसेच आहेत. खोकला मात्र वाढला आहे. फोनवर ती तोंडापुढे पदर धरून खोकते, म्हणून तुला ऐकू जात नसेल. सिलिंडर दोन-दोन महिने येत नाही, मग घासलेटचा स्टोव्ह. परवा खिडकीतून तेलाच्या स्टेशनवरच्या ज्योतीकडे बघत म्हणाली, “बाहेर एवढी मोठी चूल पेटवून ठेवली आहे मेल्यांनी, आणि मी इथे स्टोव्हला पिन मारत बसले आहे.” मी हसले, पण तिचं खोटं काय आहे? तेलाबरोबर वर येणारा गॅस न्यायला पाइप नाही म्हणून उंच नळीच्या टोकाशी रात्रंदिवस जाळून टाकायचा, आणि नळीपासून हाकेच्या अंतरावर आपल्या कॉलनीत घासलेटचा धूर. तुझ्या पुस्तकात तू या ज्योतीला लांबलचक नाव दिलं आहेस. आईने ते एका वाक्यात सांगितलं.

उन्हाळ्याचं विचारू नकोस. फेब्रुवारीतच पत्रा असा तापला की बाबांची खुर्ची मी व्हरांड्यातून आत घेतली. त्या खुर्चीवर आता कुणी बसत नाही, पण उन्हात वाळून तिला चिरा पडायला नकोत. स्टेशनवर बाहेरची फेरी आता पहाटे साडेपाचला सुरू करतात, अकरानंतर व्हॉल्वला हात लावला तर हातमोजा असूनही चटका बसतो. गेल्या पंधरवड्यात दोघे फिटर चक्कर येऊन पडले. पाण्याचा टँकर एक दिवसाआड. हवा बदलते आहे हे मला कुणी पटवून द्यायला नको, मी त्यात राहते. बाबा कोणत्या दुपारी गेले आणि त्या दुपारी पंखा किती तास बंद होता, हेही मला कुणी सांगायला नको.

स्टेशनची बातमी. आमच्या साहेबांचं नाव आता सगळ्यांनी ‘मागवलंय साहेब’ पाडलं आहे. गॅस्केट नाही? मागवलंय. डॉक्टर नाही? मागवलंय. त्यांना वाईट माणूस म्हणवत नाही. वरून काही येत नाही आणि खाली नाही म्हणवत नाही, असा मध्ये अडकलेला माणूस आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि टेबलावर एक कागद ठेवला. पाइपचं पुन्हा निघालं आहे. ज्योतीचा गॅस गोळा करून साडेचार हजार घरांपर्यंत न्यायचा आणि नळी कायमची बंद करायची. कर्ज देणाऱ्या त्या मोठ्या बँकेची बैठक २८ एप्रिलला आहे. सल्लागारांच्या यादीत तिसरं नाव तुझं.

साहेब म्हणाले, “तुमच्या बंधूंना दोन शब्द लिहा ना.”

“आमचं बोलणं नाही.”

“म्हणूनच लिहा म्हणतोय.”

साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे असं समजू नकोस. भावाला वशिला लावायची वेळ आली तर मी नोकरी सोडेन, आणि तूही वशिल्याने हलणारा नाहीस. दोन वर्षांपूर्वी याच पाइपला नकार आला त्या पत्राची प्रतही साहेबांनी मला दाखवली. त्यात लिहिलं होतं की या स्टेशनने चौदा वर्षांपूर्वी, एका वर्षात, ज्योत एकतीस टक्क्यांनी वाढवली आणि तेव्हापासून ती तशीच ठेवली, तेव्हा अशा लोकांच्या हाती पैसा देता येणार नाही. आधार म्हणून तुझ्या पुस्तकाचं एकेचाळीसावं पान.

त्या पानाबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. लिहायला घेतलं की हात दुसऱ्याच बातम्या लिहायला लागतो, हे वर दिसतच असेल.

शिफ्टची वेळ झाली. एकच विचारते. बाबा व्हरांड्यात बसून लाकडाची पट्टी तासत होते आणि तू दोरी धरून उभा होतास, ती दुपार तुला आठवते का?

ताई

*

१३ मार्च

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. आज सुट्टी आहे, आई शेजारी गेली आहे, आणि धुवायला एकही कपडा शिल्लक नाही. तेव्हा आता पळवाट नाही.

तुझ्या एकेचाळीसाव्या पानावरचा आलेख मला पाठ आहे. एक रेघ सतरा वर्षं सपाट जाते, मग एकदम पायरी चढते आणि वर पुन्हा सपाट. खाली तू लिहिलं आहेस की जुनी पिढी निवृत्त झाली, नवी माणसं आली आणि शिस्त सुटली. पायरीचं वर्ष म्हणजे बाबा निवृत्त झाले ते वर्ष. लॉगबुक माझ्या हातात आलं तेही तेच.

आता नीट वाच. ज्योतीचा मीटर स्टेशन सुरू झाल्यावर जेमतेम दोन वर्षं चालला. मग बिघडला. त्याचा भाग बाहेरून यायचा होता, तो मागवलेला आहे. एकतीस वर्षं मागवलेला आहे. लॉगबुकात तर रोज आकडा लागतो. तेव्हाच्या इंजिनिअरने मीटर बंद पडायच्या आधीच एक व्यवस्था लावून ठेवली होती. पाण्याच्या टाकीजवळ जमिनीवर पांढरी रेघ आखली आहे. तिच्यावर उभं राहायचं, हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, अंगठा आडवा धरायचा आणि नळीच्या तोंडापासून ज्योतीच्या शेंड्यापर्यंत किती अंगठे बसतात ते मोजायचं. वारा असेल तर तीनदा मोजून मधला आकडा घ्यायचा. मग कंट्रोल रूमच्या भिंतीवरचा तक्ता बघून अंगठ्यांचे घनमीटर करायचे आणि वहीत लिहायचे. वहीत अंगठा कुठेच नाही, फक्त घनमीटर आहेत. म्हणून तुला कधी कळलं नाही, आणि दुसऱ्या कुणालाही.

तो तक्ता इंजिनिअरने चालू मीटरशी ताडून बसवला होता, आणि बसवला होता बाबांच्या अंगठ्यावर. बाबांचा हात तुला आठवतो. डब्याचं झाकण कुणाला निघालं नाही की सगळे बाबांकडे यायचे. सतरा वर्षं बाबा त्या रेघेवर उभे राहिले आणि सतरा वर्षं ज्योत चार अंगठे भरली.

मग मी आले. स्टेशनवरची पहिली बाई. पहिले सहा महिने माझ्यासाठी वेगळी बाथरूमसुद्धा नव्हती, तीही मागवली होती. बाबांनी जायच्या आधी मला सगळं शिकवलं आणि शेवटी म्हणाले, “तुझा अंगठा बारीक आहे, हातही आखूड. तक्ता जुळणार नाही. तुला एक वस्तू करून देतो.” ती ही पट्टी. तू परदेशी जायच्या आधीच्या महिन्यात सुट्टीला आला होतास. बाबांनी आपल्या अंगठ्याच्या रुंदीची लाकडाची पट्टी तासली, तिला भोक पाडलं, दोरी बांधली आणि हात ताठ करून उभे राहिले. दातापासून पट्टीपर्यंत दोरी ताणून गाठ कुठे मारायची ते तू धरून दाखवलंस. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, म्हणजे पट्टी बरोबर बाबांच्या हाताएवढ्या अंतरावर राहते. कुणीही मोजलं तरी बाबांनीच मोजल्यासारखं. तू विचारलंस, “हे काय?” आणि ते म्हणाले, “ताईला खेळणं.”

मी ते खेळणं एकदाच नेलं. रेघेवर उभी राहिले, गाठ दातात धरली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “वेसण घातली वाटतं.” टाकीजवळचे आठ जण हसले. आज मला त्या विनोदाचं काही वाटणार नाही, मीच दुसरा टोला हाणेन. पण तेव्हा माझा तिसरा दिवस होता. पट्टी मी डब्यात टाकली ती टाकलीच. बाबांनी घरी विचारलं तेव्हा सांगितलं, “वापरते.” खोटं. दुसऱ्या दिवसापासून मी माझा हात ताठ केला, माझा अंगठा धरला, आणि ज्योत भरली सव्वापाच.

टिल्लू, ज्योत वाढली नव्हती. तुझ्या आलेखातली पायरी म्हणजे माझा अंगठा आहे.

हे मला त्या दिवशी कळलं असतं तर गोष्ट वेगळी. मला वाटलं, विहिरीचा दाब वाढला असेल, माझं काम मोजायचं, कारणं शोधायचं नाही. वरच्या साहेबांनी सही केली. रोज सव्वापाच, कधी पाच, कधी साडेपाच. मग तू तिकडून पत्र पाठवलंस की अभ्यासासाठी जुने आकडे हवेत. कंपनी देत नव्हती. मी तीन रविवार बसून वह्यांमधून सगळं उतरवलं आणि तुला पाठवलं. धाकट्या भावाच्या पुस्तकात आपला हात लागतो आहे, याचा किती अभिमान होता मला! पुस्तक आलं तेव्हा मी सगळ्यात आधी आकड्यांचं पान काढलं, पायरी बघितली, वर्ष बघितलं. एका क्षणात सगळं कळलं. चौदा वर्षांतली पहिली आठ मला माहीत नव्हतं. नंतरची सहा मला माहीत आहे.

तू विचारशील, मग गप्प का राहिलीस? एक म्हणजे नोकरीची भीती. दुसरं, तुझं नाव होत होतं, मोठमोठ्या सभांना तुला बोलावत होते, आई शेजारणीला फोटो दाखवत फिरत होती. तिसरं कारण पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या त्या ओळीशी जोडलेलं आहे. ते आज लिहवत नाही.

आणि मग बाबा गेले. तू तीन दिवसांसाठी आलास. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तू म्हणालास, “बाबांनी जन्मभर आग आवरून धरली. तुम्ही लोकांनी ती मोकाट सोडलीत, आणि त्याच उन्हाने त्यांना नेलं.” तुम्ही लोकांनी. मी तिथे एकटीच होते. मी भांडी घासत राहिले. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तीन वर्षांचे रविवार वाचले असते.

या रविवारी सकाळी सात वाजता मी डब्यातून पट्टी काढली. दोरी कुजली होती. बाबांच्या गाठीवर बोट ठेवून तेवढ्याच लांबीची नवी बांधली. पाळी बदलायची वेळ होती, पंधरा-वीस माणसं होती. मी रेघेवर उभी राहिले आणि गाठ दातात धरली. कुणी हसलं नाही. चार भरली. तीनदा मोजली, तिन्ही वेळा चार.

याचा अर्थ तू नीट समजून घे, कारण त्यात आमची सुटका नाही. चार अंगठे म्हणजे बारकी आग नव्हे. ती एकतीस वर्षं तेवढीच आहे, बाबांच्या वेळीही तेवढीच होती. पण ती कुणी भडकवलेली नाही. पाइप नव्हता म्हणून ती पेटली आणि पाइप नाही म्हणून ती जळते आहे. तेल मात्र एक दिवस थांबलं नाही. त्याला पाइप होता, धक्का होता, जहाज होतं. ते जहाज तुझ्याच बाजूच्या बंदरांना जातं. तिकडे ते तेल कुणाच्या गाडीत, कुणाच्या हीटरमध्ये जळतं, ते कुणी अंगठा धरून मोजतं का, मला माहीत नाही. तुझ्यावर डाफरत नाही. थंडीत तुलाही हीटर लागतो. मी एवढंच म्हणते की धूर आमच्या नावावर लागला आणि ऊब तिकडे गेली, आणि आता धूर बंद करायला मदत मागितली तर आमच्याच वहीचं पान आम्हाला दाखवतात. ते पान माझं आहे, म्हणून ते दुरुस्त करायचं कामही माझं.

जे घडलं ते सगळं तारखांसह एका कागदावर लिहून, सही करून सोबत जोडते आहे. समितीपुढे ठेव. त्याने तुझ्या पुस्तकाला धक्का लागेल हे मला समजतं. लोक म्हणतील, एवढा मोठा अभ्यास आणि बहिणीच्या अंगठ्यावर! म्हणू देत. पाइप व्हायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण खऱ्या आकड्यावर ठरवा.

ताई

*

११ एप्रिल

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. काल तुझं पाकीट आलं. जाड असेल असं वाटलं होतं. एकच कागद निघाला आणि त्यावर दोन ओळी. ‘ताई, दोन्ही पत्रं मिळाली. बाबांना माहीत होतं का?’

तू पुस्तकाबद्दल विचारशील, नावाबद्दल विचारशील, मला चार शब्द सुनावशील, याची तयारी करून ठेवली होती. तू नेमकं तेच विचारलंस जे मी टाळत होते. लहानपणीही असाच होतास.

हो. माहीत होतं.

पुस्तक आलं त्या संध्याकाळी मी ते लपवणार होते, पण आईने आधीच त्यांच्या हातात दिलं होतं. भाषा त्यांना येत नव्हती. पहिल्या पानावरची ओळ मीच वाचून दाखवली: ‘बाबांना, ज्यांनी ज्योत लहान ठेवली.’ ते चष्मा पुसत राहिले. वीस वर्षांचा असताना याच घरातून जाताना तू त्यांना काय म्हणाला होतास ते तुला आठवत असेल. ‘तुम्ही जन्मभर आग लावत बसलात.’ ते वाक्य त्यांनी कधी परत काढलं नाही, पण त्यांच्यासारखा माणूस असलं वाक्य विसरत नाही. त्यावर तुझी ही ओळ आली होती.

मग ते पानं उलटत आलेखापाशी आले. आलेखाला भाषा लागत नाही. त्यांनी रेघेवरून बोट नेलं, पायरीशी थांबले, खालचं वर्ष वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मग माझा हात ओढून घेतला आणि माझा अंगठा आपल्या अंगठ्याशेजारी ठेवला. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, आईने पाणी आणलं, तिला वाटलं पुस्तकात काही गंमत आहे.

मी म्हटलं, “बाबा, मी त्याला आजच कळवते.”

“नको.”

“चूक आहे ती. सगळी माझी चूक आहे.”

“अगं, खालची रेघ माझी आहे ना? पोराला पहिल्यांदा वाटलंय, बाप काहीतरी बरं करत होता. राहू दे की तेवढं.”

त्या दिवसापासून पहिलं पान त्यांनी ब्लेडने कापून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. कपडे धुवायला टाकताना ते काढून घ्यायचं काम माझं होतं. गेले त्या दिवशीही ते खिशात होतं.

इथे पत्र संपवलं तर तू मला माफ करशील, कारण बापाच्या इच्छेसाठी गप्प बसले असं दिसेल. तसं नाही. आठवड्याने, व्हरांड्यात बसलेले असताना, ते आपणहून म्हणाले, “पण एक ऐक. त्या रेघेपायी कधी पाइप अडला तर मात्र सांगून टाक. माझं काय व्हायचं ते होऊ दे.” ट्रंकेत त्यांच्या अर्जांच्या प्रती आहेत. दर जानेवारीत एक अर्ज, ‘गॅस वाया जात आहे, कॉलनीला देण्यात यावा.’ सतरा अर्ज. त्यांनी ज्योत लहान ठेवली नव्हती रे. ती त्यांच्या हातात नव्हती. पण ती विझावी असं त्यांच्याइतकं कुणाला वाटत नव्हतं.

आणि पाइप अडला, टिल्लू. बाबा गेल्यानंतर वर्षभराने अडला. नकार आल्याचं आम्हाला त्याच महिन्यात कळलं होतं आणि कारण तुझं पुस्तक आहे हेही स्टेशनवर सगळे बोलत होते. बाबांनी सांगून ठेवलं होतं, नोकरीची भीतीही मला तेव्हा फारशी उरली नव्हती. तरी मी गप्प बसले. का, तर स्वयंपाकघरातलं तुझं ते ‘तुम्ही लोकांनी’ माझ्या मनातून जात नव्हतं. मला वाटायचं, राहू दे याला चुकीचा. जगभर हिंडतो, सगळ्यांना हिशोब विचारतो, आणि स्वतःच्या घरातलं याला कळलेलं नाही. तुझ्या चुकीत मला बरं वाटत होतं. पलीकडे आई स्टोव्हपुढे खोकत होती, खिडकीत ज्योत जळत होती, आणि मी रविवारचे कपडे वाळत घालत होते. दोन वर्षं. अंगठ्याची चूक अजाणतेपणी झाली. ही जाणूनबुजून केली. हिच्याबद्दल मी तुझी क्षमा मागते, आणि आईची मागायची आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.

साहेबांना सांगितलं. माझी सही केलेला कागद त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, “बाई, हे तोंडी सांगितलं असतंत तर मी ऐकलं न ऐकलं केलं असतं.” मग त्यांनी कागदावर ‘मिळाला’ लिहून स्वतःची सही केली. त्यासाठी धाडस लागलं असणार, मी त्यांना आता नावाने चिडवत नाही. चौकशी होईपर्यंत मला स्टोअरला बसवलं आहे, नटबोल्टांमध्ये. लॉगबुक दुसऱ्याकडे गेलं. बाबांच्या पट्टीवरून सुताराने दुसरी करून दिली आहे, दोरी त्याच मापाची, आणि आता जो कोणी मोजतो तो गाठ दातात धरूनच मोजतो. वेसण म्हणणारा मनुष्यसुद्धा. स्टोअरच्या दारातून मला रेघ दिसते.

मूळ पट्टी या पाकिटात आहे. समितीपुढे ती दातात धरून उभा राहा असं म्हणत नाही, तुला दाढी आहे, शोभणार नाही. पण खिशात ठेव. गाठ तूच धरून दाखवली होतीस.

आणि पुस्तक परत छापलं तर पहिल्या पानावरची ओळ काढू नकोस. ‘लहान ठेवली’ एवढंच खोड आणि ‘मोजली’ असं लिही. बाबांनी ज्योत मोजली. सतरा वर्षं, एक दिवस न चुकता, खरी. एवढं त्यांचं होतं, आणि ते कमी नाही.

बँक काय ठरवेल ते मला माहीत नाही. आकडा खरा झाला म्हणून पाइप येईलच असं नाही, एवढं मला या वयात कळतं. तू काय करशील तेही मी विचारत नाही.

आई आत्ताच डोकावून गेली. एवढं काय लिहितेस म्हणाली. म्हटलं, टिल्लूला घरी बोलावते आहे. लहान असताना तू शाळेच्या सहलीवरून परत येताना बसच्या खिडकीतून ज्योत दिसली की ‘घर आलं’ म्हणून ओरडायचास, ते तिला आठवलं. म्हणाली, “मग लिही त्याला, ज्योत विझायच्या आधी ये. नाहीतर घर सापडायचं नाही.”

आणि तशीच उभी राहून खोकत होती. या रविवारी फोन कर. मी घरातच असेन.

तुझी,
बारीक अंगठ्याची
ताई